दुसऱ्या खोलीतली काजवा

तिला सगळे काजवा म्हणायचे. हे नाव ठेवलं आमच्या काचा घासणाऱ्या कारागिरानं, कारण ती अंधाऱ्या खोलीत छोटी टॉर्च घेऊन माणसांच्या डोळ्यांत उजेड पाडत असायची. "निदान पाल नाही म्हणालात, उपकार झाले," असं म्हणून तिनं ते आनंदानं स्वीकारलं.

आमचं चष्म्याचं दुकान. पुढे काउंटरवर मी, मागे नंबर काढायच्या दोन खोल्या. पहिलीत मास्तर, तीस वर्षं लोकांचे डोळे तपासून स्वतः जाड भिंगाचा चष्मा लावणारे. दुसरीत काजवा. आलेल्या माणसाचं नाव लिहायचं आणि "पहिलीत बसा" किंवा "दुसरीत बसा" म्हणायचं, एवढंच माझं काम. पण आता रांगेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोर चेहरा आला की मनात आपोआप येतं, हा पहिलीत, ही दुसरीत. कितीही झटकलं तरी थांबत नाही.

काजवाचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची नजर जाऊ लागली आणि त्यांनी ते वर्षभर घरात कुणाला कळू दिलं नाही. त्यानंतर ही पोरगी डोळे तपासायला शिकली. घरी आई आणि धाकटी बहीण. काजवाच्या डोक्याला राखाडी स्कार्फ, हनुवटीखाली घट्ट, दोन टाचण्या, आणि मोकळं टोक मानेमागे खोचलेलं. तपासताना माणसाच्या तोंडापासून वीतभरावर वाकावं लागतं, तेव्हा कुणाच्या नाकाला कापड लागू नये म्हणून ही काळजी. हात इतका हलका की तपासणीची ती जड चौकट नाकावर कधी बसली ते कळायचं नाही. "हे बरं दिसतं की ते?" हा प्रश्न मास्तर खेकसून विचारायचे. ती प्रत्येकाला आयुष्यात पहिल्यांदाच विचारत असल्यासारखी विचारायची.

रस्त्यावरचे किस्से ती रोज सकाळी मला सांगायची, तेही हसवून. बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. लोक दांडीला लोंबकळत, पण तिथे बसत नसत. "माझ्या शेजारी कोण बसलेलं असतं हो ताई, जे मला सोडून सगळ्यांना दिसतं?" असं ती विचारायची. एकदा एका बाईनं आपलं लेकरू उचलून तिच्यापासून लांबच्या बाजूला घेतलं. एका गृहस्थानं शब्द सुटे सुटे करून विचारलं, "तुम्हाला… आपली भाषा… कळते का?" तिनंही तितक्याच सावकाश उत्तर दिलं, "कळते… तुम्हाला?" आम्ही पोट धरून हसलो. पण हसून झालं की ती स्कार्फची टाचणी उगाच काढून पुन्हा लावायची, हे मी बघितलेलं होतं.

पहिल्याच महिन्यात दुकानातही तेच झालं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस तिच्या खोलीत पाऊल टाकताच उलटा फिरला. "दुसरं कोणी नाही का?" म्हणाला, आणि मास्तरांकडे गेला. चार दिवसांनी एक बाई. काजवा टॉर्च घेऊन वाकली तशी त्या बाईनं पर्स छातीशी धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले. डोळे तपासायला आलेली बाई! "उघडा ना मावशी," काजवा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. बाई मिटल्या डोळ्यांनीच खुर्चीतून उठली. त्या दिवशी काजवानं डबा उघडलाच नाही.

माझं डोकं फिरलं. त्या बाईला चार शब्द सुनवायला हवे होते. ते जमलं नाही. मग मी मनाशी ठरवलं, यापुढे असलं काही हिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

माणूस दारातून आला की मी त्याला निरखू लागले. कपाळावर आठी दिसली, पहिलीत. आवाज चढा, पहिलीत. हिच्या उघड्या दाराकडे नजर गेली आणि क्षणभर रेंगाळली, पहिलीत. आपल्याला माणसं कळतात याचा मला भारी अभिमान. हळूहळू कारण लागेनासं झालं. म्हातारे पहिलीत, नवरा-बायको जोडीनं आले तर पहिलीत, शंका आली की पहिलीत. दुसरीत कोण? शाळेची मुलं, आणि तिच्यासारखाच स्कार्फ बांधलेल्या बायका.

तीन वर्षं तिला दुकानात कुणी वाकडं बोललं नाही. "आमच्याकडे येणारी माणसं फार चांगली आहेत, असं मी आईला सांगते," ती म्हणायची. मला धन्य वाटायचं. खोटं का सांगू, वाटायचंच.

पण खोली रिकामी राहू लागली. काजवा अंधारात बसून टॉर्च चालू करायची, बंद करायची. टक्. टक्. काउंटरवर मला ऐकू यायचं. एकदा ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "ताई, माझ्या नंबरांच्या तक्रारी येतात का?"

"छे गं, काहीतरीच."

"मग लोक माझ्याकडे परत का येत नाहीत?"

मी पेनाचं टोपण शोधत राहिले. त्यानंतर ती तपासणीची चौकट घरी नेऊ लागली. आठवडाभरात बहिणीचा नंबर सतरा वेळा काढला. बहीण म्हणे वैतागून म्हणाली, आता मला आंधळी तरी होऊ दे.

मग मालकांनी एक खोली बंद करायची ठरवली. दोन्ही खोल्यांच्या वह्या पुढ्यात घेऊन त्यांनी मला बोलावलं. मास्तरांची जाडजूड, काजवाची जेमतेम अर्धी. "पोरीचा हात बसलेला दिसत नाही. तुम्ही तर समोरच असता. तुमचं काय म्हणणं?"

दारात काजवा उभी होती. माझ्याकडे आशेनं बघत होती. खरं बोलले असते तर ती राहिली असती. पण माझी खुर्ची गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला कळलं असतं. मी म्हणाले, "मास्तरांचा अनुभव दांडगा आहे."

तिनं मान हलवली, पटल्यासारखी. जाताना टॉर्च माझ्या काउंटरवर ठेवून गेली. तिच्या खोलीत आता फ्रेमची खोकी भरलेली आहेत, माणूस शिरायलाही जागा नाही. तरी भर दुपारी, दुकान सुस्तावलेलं असताना, मला आतून टक् टक् ऐकू येतं. मी उठून बघून येते. रोज बघून येते.

मागच्या आठवड्यात ती बसमध्ये दिसली. खिडकीशी बसली होती, शेजारची जागा रिकामी, माणसं उभी. मी जाऊन बसले. तिला कोण आनंद झाला! "बघा, अखेर कुणीतरी बसलं," म्हणाली. आता एका गोदामात कपड्यांच्या घड्या घालते. डोळे तपासायला पुन्हा कुठे गेलीच नाही.

"का गं?"

"जमत नव्हतं ना ताई. रस्त्यावर लोक कसे वागतात ते माहीत आहे, त्याचं काही वाटत नाही. पण दुकानात तर पहिला महिना सोडला तर मला सगळे चांगलेच भेटले. तरी येईनात, म्हणजे माझ्याच हातात खोट."

मग मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. आठ्या, चढे आवाज, पहिलीत, दुसरीत. तिला दुखू नये म्हणून केलं, हेही सांगितलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं मला तिच्या त्या जुन्या आवाजात विचारलं, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं, "म्हणजे ते सगळे मला नको म्हणाले असते?"

मी एकेक चेहरा आठवू लागले.

"खरोखर नको म्हणालेले किती होते, ताई?"

"दोघं," मी म्हणाले. "बाकीच्यांना मी कधी विचारलंच नाही."