मामांची फ्लाइट आणि मामांचं लँडिंग

जिन्याचा अपमान इतका मनाला लावून घेणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या घाटकोपरात दुसरा सापडणार नाही. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली, पण जीव जडला तो फक्त जिन्यावर. देवळात गेले तर देवापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो, कारण वाटेत पायऱ्या असतात. पवईला एका नातेवाइकाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सगळे गॅलरीतून तलाव बघत होते आणि मामा गायब. जेवायची पानं वाढल्यावर उगवले आणि यजमानांना म्हणाले, "तुमच्या मजल्यावरून खाली उतरताना तिसरी पायरी अर्धा इंच उंच आहे. माणूस अडखळणार." सगळे हसले. यजमान तर जरा रागावलेच. "दाखवा बरं," म्हणत ते तरातरा जिन्यात गेले आणि नव्या कोऱ्या धोतरासकट चौथ्या पायरीवर बसते झाले. मामांनी त्यांना हात दिला, पण उठवताना "तिसरीच ना?" एवढं विचारून घेतलं.

जिन्याच्या सलग पायऱ्यांच्या एका ओळीला इंग्रजीत फ्लाइट म्हणतात आणि दोन फ्लाइटच्या मध्ये, जिना वळतो तिथल्या सपाट चौकोनाला लँडिंग. मामा हे दोन शब्द मीठ-मिरचीसारखे वापरतात, आणि आमच्या डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं सारखी जात असतात, त्यामुळे गोंधळ ठरलेलाच. "लँडिंगवर सायकल कोणी ठेवली?" असं त्यांनी नव्या वॉचमनला दरडावून विचारलं, तेव्हा तो बिचारा आधी आभाळाकडे बघत राहिला. माझ्या मेहुणीच्या लग्नाच्या बोलणीत तर कहरच झाला. मुलाच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "मामा, आपण नोकरीत काय बघायचात?"

"मी? तीस वर्षं फ्लाइट आणि लँडिंग. दुसरं काही नाही."

मुलाचे वडील ताठ बसले. "म्हणजे फार जबाबदारीचं काम."

"तर काय! लँडिंग जरा चुकलं की माणसं आदळतात."

"आणि एका वेळी किती माणसं असायची?"

"ते मजल्यांवर अवलंबून," मामा म्हणाले.

यावर मुलाचे वडील विचारात पडले, पण लग्न ठरलं. हॉलमध्ये ते पाहुण्यांना मामांची ओळख 'आमचे कॅप्टन' अशी करून देत होते आणि मामा प्रत्येकाला नमस्कार करत होते.

खरी लढाई जुंपली ती आमच्या बिल्डिंगला लिफ्ट बसवायचं ठरलं तेव्हा. तीन मजल्यांची जुनी इमारत. मी दुसऱ्यावर, मामा-मामी तिसऱ्यावर. मामींचे गुडघे कुरकुरायला लागून वर्षं झाली होती, त्यामुळे लिफ्टची सगळ्यात जास्त गरज मामांच्याच घरात होती. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोधाला उभे राहिले तेही मामाच. कंत्राटदाराच्या नकाशात लिफ्ट जिन्यातच बसणार होती. त्यासाठी लँडिंग काढून वळणावर तिकोनी पायऱ्या करायच्या होत्या. "लँडिंग म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे," मामा म्हणाले, "तिथे माणूस दम खातो, कपाट वळतं, आणि वेळ आली तर आजारी माणूसही वळतो." मागून मामींचा आवाज आला, "अहो, बसा की खाली. मला लिफ्ट हवी आहे!" सभागृहात हशा पिकला.

मामा बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. लँडिंगवर खडूनं तिकोनी पायऱ्या आखल्या होत्या. वजनदार म्हणून आमच्या चेअरमनसाहेबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मला धरून चौघांना सांगितलं, "हे आजारी आहेत. खाली न्या. पाय खडूच्या रेघांमध्येच पडला पाहिजे." आम्ही वळणाशी पोचलो आणि अडकलो. माझा पाय रेघेबाहेर गेला. "जावईबापू, तुम्ही पडलात!" मामा ओरडले. मागचा सरकला. "हेही गेले!" खुर्ची कलली, चेअरमननी माझी मान धरली आणि "अरे, उतरवा मला! वाट लागेल यार!" असा आकांत मांडला. खाली पाय टेकताच ते घाम पुसत म्हणाले, "लिफ्ट बाहेरून बसवा."

तशी ती बसली, इमारतीच्या मागच्या अंगाला. पण नेमका तिथेच आमचा जिना वळतो. त्यामुळे लिफ्टचं दार मजल्यावर न उघडता बरोबर लँडिंगवर उघडतं, आणि तिथून घरापर्यंत नऊ पायऱ्या चढाव्याच लागतात. पहिल्या दिवशी मामी लिफ्टमधून बाहेर आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "नऊ! तुमच्या लँडिंगपायी!" मामांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या त्या संध्याकाळी मी माझ्या दारात उभा होतो. मदतीला वर निघालो तर मामांनी हातानंच थांबवलं. लिफ्टमधून लँडिंगवर उतरलेल्या मामी कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या आणि मामा एक पायरी खाली, त्यांच्या पाठीला तळवा लावून. तिसऱ्या पायरीवर मामी थांबल्या. डोळे मिटून घेतलेले.

"अजून किती हो?"

"झालंच की. दोनच."

मी खालून मोजल्या. सहा होत्या.