अध्यक्ष महाराज, माझी बहीण…

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर भागाकार शिकवत होते. चिंचवडहून त्याचा ड्रायव्हर स्कूटरवरून कासारवाडीच्या आमच्या शाळेत आला, वर्गाच्या दारात चपला काढून उभा राहिला आणि "बाई, साहेब गेले" एवढंच म्हणाला. मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, ताळा करून दाखवला आणि मगच खडू खाली ठेवला. सख्खा भाऊ गेला तरी बाईंच्या डोळ्याला पाणी नाही, असं नंतर शिक्षकांच्या खोलीत बोलणं झालं म्हणे. होऊ दे. आमचा अबोला होता, आणि माणूस मेला म्हणून अबोला आपोआप सुटत नाही. या पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हाही मी त्यांना बजावलं, की आबासाहेबांवर गोडगोड लिहिणारी माणसं चाकणपासून पिंपरीपर्यंत हवी तितकी मिळतील, माझ्या वाटेला जाऊ नका. ते म्हणाले, तुम्ही लिहाल ते छापू. आता छापा.

आबासाहेब म्हणजे आमच्या भागाचे माजी आमदार, आणि मी त्यांची धाकटी बहीण शालन. लोकांना ते आबासाहेब, मला आबा. त्यानं गावात वीज आणली, एसटीचा थांबा आणला, चाकणच्या बाजारात शेड बांधून घेतली, कारखाने आले तसतशी गावोगावची पोरं कंपनीत चिकटवली. हे सगळं शोकसभेत सांगून झालंय, मी पुन्हा सांगत नाही. मला जे सांगायचंय ते सभेत कुणी बोललं नाही, कारण ते बोलणारी मी एकटीच होते आणि मला कुणी माईक दिला नाही.

जिल्हा परिषदा निघाल्या त्या सुमाराची गोष्ट. आबा पंचविशी नुकतीच ओलांडलेला, परिषदेवर निवडून गेलेला, आणि मी गावातली चौथी पास होऊन घरी बसलेली. पुढची शाळा चाकणला. वाट हमरस्त्याच्या कडेनं, त्यात ट्रक वाढलेले. आमच्या वडिलांनी "पोरीची जात, न्हाई जायाचं" म्हणून विषय मिटवला. आबानं त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यापेक्षा वळसा घालणं हा त्याचा स्वभाव, पुढे राजकारणात तो त्याला फार उपयोगी पडला. तो मला घरीच शिकवायला लागला. सकाळी दाढी करता करता इतिहास, गोठ्यात धार काढता काढता पाढे, संध्याकाळी परिषदेतून सायकल मारत आला की भूगोल. चुकलं की उठाबशा, मग आई समोर असो की नवी वहिनी. मी रडायचे, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. सातवीची परीक्षा मी बाहेरून बसून दिली, मग मॅट्रिक झाले, मग पुण्याला डी.एड. मी शिक्षिका झाले ती आबामुळं. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. माझा राग सुरू होतो तो इथूनच.

मला नोकरी लागून काही वर्षं झाली होती. शाळा चाकणजवळच्या एका वाडीतली होती आणि आबा एव्हाना आमदार झाला होता. एका अधिवेशनात तो मला जीपमध्ये घालून मुंबईला घेऊन गेला. कशाला, ते सांगेना. "चल तर खरी, गंमत दाखवतो." वहिनींनी त्यांचं चांगलं इरकली लुगडं मला नेसवलं. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत मी अंग चोरून बसले. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचं नाही, असं पहारेकऱ्यानं दोनदा सांगितलं. खाली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक चालू होतं. एकेका खंडावर दुरुस्त्या येत होत्या. एक सभासद दंड कमी करा म्हणत होता, दुसरा 'करील' ऐवजी 'करू शकेल' घाला म्हणत होता, तिसरा चक्क झोपला होता. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड, पण मूल घरी शिकत असेल तर सूट, आणि ते खरंच शिकतं का हे शिक्षण खात्याचा तपासनीस दर वर्षी येऊन बघणार, असं मूळ कलम होतं. शहाणं कलम होतं. त्यावर आबा उठला. त्याची दुरुस्ती अशी, की तपासनीस नको, सरपंचाचा दाखला पुरे.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "माझी बहीण चौथीनंतर एक दिवस शाळेत गेली नाही. घरी शिकली. आज ती सरकारी शाळेत शिक्षिका आहे. कोणी तपासनीस आला होता आमच्या घरी? खेड्यातला माणूस आपल्या लेकराचं वाईट करणार नाही, त्याच्यावर विश्वास ठेवा. हे तपासनीस वाड्यावस्त्यांवर जाऊन कोंबड्या खाण्यापलीकडे काय करतात? अध्यक्ष महाराज, माझी बहीण आज वर बसली आहे…" सगळ्यांनी माना वर केल्या. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अध्यक्षांनी "सन्माननीय सदस्यांनी गॅलरीचा उल्लेख करू नये" म्हणून त्याला थांबवलं, पण तोवर बाकं वाजली होती. विरोधी बाजूच्या एक वयस्कर बाई उठल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. त्यांनी विचारलं, "ज्या मुलीला असा भाऊ नाही, तिचं काय?" एवढाच प्रश्न. आबा म्हणाला, "तिला आमच्या गावात दत्तक पाठवा!" सभागृह खो खो हसलं. झोपलेले गृहस्थ जागे झाले. मंत्र्यांनी हसत हसतच दुरुस्ती स्वीकारली. आवाजी मतदान झालं, 'होय'चा आवाज मोठा आला आणि पुढचा खंड पुकारला.

बाहेर उपाहारगृहात त्यानं मला बटाटेवडा खाऊ घातला. पेढेही मागवले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हे, खरंखुरं. ही त्यानं मला दिलेली भेट होती. माझं नाव राज्याच्या विधानसभेत निघावं, यापेक्षा मोठं तो मला काय देणार होता? "कशी झाली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "त्या बाईंना उत्तर दिलं न्हाईस." तो म्हणाला, "आगं दिलं की. समदी हसली न्हवं?" मी त्या दिवशी पेढा खाल्ला नाही. बरं वाटत नाही म्हणून सांगितलं. त्याला ते खरं वाटलं.

तो कायदा लागू झाला त्या वर्षी कमल माझ्या तिसरीच्या वर्गात होती. दिसेल ते वाचणारी पोर. खताच्या पोत्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, भेळेच्या कागदावरचं. तिचा बाप महादू भोसरीच्या एका कारखान्यात लागला, आई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायला लागली, आणि कमल शाळेतून गायब झाली. मी घरी गेले. महादूची दुसरी पाळी होती, तो घरीच होता. पोर चुलीपुढे बसलेली, काखेत धाकटा भाऊ. मी विचारलं, "कमल शाळेत का येत नाही?"

"घरी शिकती की बाई."

"कोण शिकवतं?"

महादूनं डोकं खाजवलं. "तिची ती शिकती." मग उठून देवाच्या तसबिरीमागची घडी काढून माझ्या हातात दिली. सरपंचाचा दाखला. सदर मुलीचे घरी शिक्षण चालू आहे. खाली शिक्का. महादूला कसली लाज वाटत नव्हती, उलट तो खुशीत होता. "आबासायबांनीच करून दिलंय म्हनं. कायद्यात बसतंय. आन तुमीबी घरीच शिकला न्हवं बाई?"

त्या वर्षी माझ्या पटावरच्या बऱ्याच मुली अशा घरी शिकायला गेल्या. मुलगा एकही गेला नाही. गावाला नवा कायदा कळला होता, आणि कायद्याबरोबर माझी गोष्टही कळली होती. माझं शिकणं त्यांच्या पोरींच्या आड आलं होतं, आणि ते आबानं आणून ठेवलं होतं.

मी तडक चिंचवडला त्याच्या बंगल्यावर गेले. बैठकीत माणसं खोळंबली होती, तरी मी आत शिरले आणि कमलचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो पटाईत होता.

"ती दुरुस्ती तूच मांडलीस, तूच माघारी घे," मी म्हटलं.

"शाले, कायदा म्हंजी काय भाकर हाय व्हय, करपाय लागली की उलटली? पुढल्या अधिवेशनात बघू."

"तवर ती पोर चुलीपुढंच म्हातारी व्हईल."

"मंग मी तुला घरी शिकवलं ते काय पाप केलं?" आता त्याचा आवाज चढला. बैठकीतली माणसं छताकडे बघायला लागली.

"मला शिकवाय तू होतास, आबा. तिला कोण हाय? महादू?"

"एवढा पुळका हाय तर तू शिकव!"

हे तो रागानं बोलला, पण मी ते धरून बसले. शाळा सुटली की कमलच्या ओट्यावर जायला लागले. पोर एका हातानं भावाला थोपटायची आणि दुसऱ्या हातानं पाटीवर लिहायची. मागं पडलेलं भरून निघेल असं वाटायला लागलं होतं… आणि जूनमध्ये माझी बदली कासारवाडीला झाली. मी न मागता. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या जाण्यायेण्याचे हाल यांना बघवेनात. यांनीच शब्द टाकला." स्टेशन जवळ, पक्की इमारत, वर्गात पंखा. लोक अशा बदलीसाठी आमदारांच्या पायऱ्या झिजवतात. त्यानं माझं भलंच केलं होतं, नेहमीसारखं, मला न विचारता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढलं अधिवेशन आलं आणि गेलं. त्याच्या पुढलंही. त्यानं रस्त्यांवर प्रश्न विचारले, कांद्याच्या भावावर सभात्याग केला, दाखल्याचा विषय काही काढला नाही. मग तो निवडणूक हरला, आणि विषय काढायची सोयच राहिली नाही. साखरेच्या आजारानं त्याला पोखरलं. शेवटी पिंपरीच्या दवाखान्यात होता तेव्हा मी एकदा गेले, वहिनींसाठी. तो उशीला टेकून पडला होता. मला बघून त्यानं नर्सला हाक मारली आणि म्हणाला, "सिस्टर, ही माझी बहीण. घरी शिकली बरं का." तोच आवाज, गॅलरीकडे बघून बोललेला. मला त्याचा असा संताप आला, की वाटलं उठून चालू लागावं. पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते सारखं केलं आणि मग उठले. तीच शेवटची भेट.

चाकणच्या शोकसभेला मी गेले ती वहिनींच्या शब्दाखातर. ज्यानं त्यानं उदोउदो केला. एकानं तर त्याचं अध्यक्ष महाराजवालं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्या दत्तकाच्या विनोदासकट, आणि शोकसभेत लोक हसले. मी उठून फाट्यावर आले. तिथे त्याच्या कार्यकर्त्यांनी रंगवलेला मोठा फलक उभा केलाय, काळ्या चौकटीचा, अजून काढलेला नाही. एसटीची वाट बघत थांबले होते, तर कडेवर मूल घेतलेली एक बाई जवळ आली आणि वाकून पायाच पडली. "बाई, वळाकलं न्हाई व्हय? मी कमल." गालाची हाडं वर आलेली, हाताला कांद्याचा वास. तीही सभेला आली होती. नवऱ्याला आबासाहेबांनीच कंपनीत लावलं, म्हणाली, लई देवमाणूस. मग फलकाकडे बोट करून तिनं विचारलं, "काय लिवलंय वो बाई ह्येच्यावर?"

मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. मी वाचून दाखवलं. "भावपूर्ण श्रद्धांजली. शिक्षणप्रेमी आमदार आबासाहेब." 'शिक्षणप्रेमी' म्हणताना माझी जीभ अडखळली. कमल मान डोलावत म्हणाली, "व्हतेच वो तसे."

आबा मला इंग्रजी शिकवायचा तेव्हा अक्षराखाली बोट धरायचा. मी उच्चार केल्याशिवाय बोट हलवायचा नाही. धारेला उशीर होवो, म्हैस हंबरो, बाहेर माणसं खोळंबोत, बोट तिथंच. त्याच्या साऱ्या आयुष्यातली मला पटलेली हीच एक गोष्ट, आणि मी ती माझ्या वर्गात अजून पाळते. मी पुढे झाले, फलकावर त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि म्हटलं, "म्हण."

कमलनं अक्षराकडे पाहिलं. तिचे ओठ थोडे हलले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला, मूल दचकून रडायला लागलं आणि तिनं पदर खोचला. "ऱ्हाऊ द्या बाई आता. गाडी चुकंल." ती पळत जाऊन दारात चढली, हात हलवला. माझीही तीच गाडी होती. ती धूळ उडवत निघून गेली, आणि मी त्याच्या नावाखाली बोट धरून उभी राहिले.