एकच धाव

बंकट लोहारानं आयुष्यात पहिला दात पाडला तो सख्ख्या मामाचा, आणि तोही मामाच्याच पोरीच्या लग्नात, पंगत बसलेली असताना. कारण काय, तर मामा बुंदी चावता चावता म्हणाला, "तुज्या बापाला धड खुरपं घडवता येत नव्हतं." बाप मरून तीन वर्षं झालेली. बंकटनं द्रोण खाली ठेवला, हात धुतला आणि मग मारला. हात धुतल्याशिवाय मारायचं नाही एवढी शिस्त त्या माणसाला होती. दात बुंदीत पडला आणि तो कुठला, दाणा कुठला, हे शोधण्यात अर्धी पंगत उठली.

तर असा हा गडी. राहायचा घाटनांदूरपासून दीड कोसावरच्या वाडीत, निजामाच्या राज्यात, फसली तेराशे तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या, आगंमागं. बुटका, मानेपाशी खोंडासारखा, आणि उजवा हात असा की डाव्याशेजारी ठेवला तर दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत. वाडीत त्याच्या हाताला भिणारे पुष्कळ होते. बंकट मात्र एकाच माणसाला भ्यायचा, भगवानराव पाटलाला. घर पाटलाच्या जागेत, भट्टी पाटलाच्या जागेत, आणि पाटलाचा स्वभाव बंकटपेक्षा वाईट. बंकट तापला तर मारून मोकळा व्हायचा. पाटील तापायचा नाही. थंडपणानं सांगायचा आणि सांगितलेलं करायचा. वाड्याची भिंत पाडली म्हणून एका गड्याला त्यानं त्याच भिंतीच्या मातीत गळ्यापर्यंत पुरून दिवसभर उन्हात ठेवलेलं होतं. गडी वाचला, पण त्यानंतर तो भिंतीला टेकून कधी बसला नाही.

या पाटलाला नाद गाड्यांच्या शर्यतीचा. चैत्रात घाटनांदूरच्या माळावर जत्रा भरायची, आणि जत्रेत बैलगाड्या पळायच्या. पाटलाची गाडी म्हणजे तिघांचं काम. बैल पाटलाचे. कासरा आसाराम धनगराच्या हातात. अंगानं काडी, पण बैलाच्या कानात काय सांगायचा कोण जाणे, बैल पिसाळल्यासारखे सुटायचे. आणि मागच्या बाजूला, वंगणाची नळी कमरेला आणि हातोडा मांडीवर घेऊन, बंकट. कारण त्या माळावर शर्यत बैल कमी आणि चाकं जास्त जिंकायची.

लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवतात, त्याला धाव म्हणतात. पातळ धाव म्हणजे गाडी हलकी, पाखरासारखी उडणार. पण घाटनांदूरचा माळ सगळा दगडगोट्यांचा. एका फेरीत पातळ धाव झिजायची, ताणली जायची, ढिली व्हायची. त्यात चैत्राचं ऊन; लाकूड वाळून आत सरकलं की धाव बांगडीसारखी निघून यायची. फेऱ्या तीन असायच्या आणि दोन फेऱ्यांच्या मधे चाकं बदलायला मुभा होती. म्हणून बंकट चाकांच्या तीन जोड्या न्यायचा. आधी दोन दिवस त्या ओढ्यात बुडवून ठेवायचा, लाकूड फुगून धावेला घट्ट बसावं म्हणून.

आदल्या वर्षी हे सगळं करूनही तिसऱ्या फेरीत धाव निघाली. गाडी उलटली, आसारामच्या तीन बरगड्या गेल्या. त्याच फेरीत पलीकडच्या गाडीचा एक माणूस चाबकाच्या फटक्यानं खाली पडून चाकाखाली मेला. पण भगवानरावाला दिसली ती फक्त आपली निघालेली धाव. त्यानं गाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसली आणि सगळ्या जत्रेदेखत बंकटला सोलून काढलं. मालकावर हात उचलायचा नसतो म्हणून बंकटनं तो मालकाच्या दोन गड्यांवर उचलला. एकाचा खांदा निखळला, दुसरा बाभळीत जाऊन पडला.

"पुढच्या साली गाडी मागं ऱ्हायली," पाटील उभारी पुसत म्हणाला, "तर तुजा उजवा हात तुज्याच ऐरणीवर ठिवीन आन् घणानं फोडीन. कावून ते इचारू नको."

बंकटनं विचारलंही नाही. लोहाराचा उजवा हात गेला म्हणजे उरतं काय? भाता ओढायला बायको छबुबाई होतीच.

माणूस मेल्यामुळं पुढच्या साली तहसील कचेरीतून हुकूम आला. अहलकारानं, म्हणजे कचेरीच्या अंमलदारानं, तो उर्दूत वाचला आणि म्हाळू दवंडीवाल्यानं हलगी वाजवत पाच गावांत मराठीतून सांगितला, "ऐका हो ऐका! यंदाच्या शर्यतीला एका गाडीला एकच धाव! आन् चाबूक फकस्त बैलाला, मानसाला न्हाई होऽऽ!"

बंकट तेव्हा फाळ ठोकत होता. हातोडा वरच राहिला.

"आईकलं का गं?" तो छबुबाईला म्हणाला. "एकच धाव! म्हंजी चाकं बदलायची न्हाईत. तीन फेऱ्या एकाच धावेवर काढायच्या!"

"मंग जाड घाला," छबुबाई भाता ओढत म्हणाली.

"जाड घालतो? अशी घालतो की गाडी मोडंल, बैल मरतील, पन धाव हालायची न्हाई!"

आणि त्यानं घातली. बोटभर जाड. गोवऱ्यांच्या आगीत लालभडक केली, दोघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवली, पाणी ओतलं. चाक असं करकरलं की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. आसारामनं चाक लोटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बंकट, ही गाडी हाय का उसाचा चरक?"

"पयल्या फेरीत मागं ऱ्हाऊ. दुसरीत बाकीच्यांच्या धावा निगतील. तिसरीत आपून एकलेच पळू. लोकं टाळ्या वाजवतील."

"आन् तुजा हात?"

"हाय का न्हाई जाग्यावर? बग!" आणि बंकटनं आसारामच्या दुखऱ्या बरगडीवर प्रेमानं एक ठेवून दिली.

जत्रेच्या दिवशी माळावर आठ गाड्या आल्या. बंकटनं एकेकीच्या चाकांवर नजर फिरवली आणि त्याची फुगलेली छाती खाली बसली. सगळ्या लोहारांनी तेच केलं होतं, जाड धाव, कुणाची बोटभर, कुणाची त्याहून जाड. फक्त एक गाडी वेगळी. माजलगावच्या सुंदररावांची. तिची धाव पत्र्यासारखी पातळ, उन्हात चमकत होती. हाकणारा रामकिसन मिशीला पीळ देत बसलेला.

"काय रं, लोखंड सरलं का माजलगावात?" बंकट ओरडला.

रामकिसन नुसता हसला. सुंदररावांचा भाचा कचेरीत कारकून होता, हे बंकटला ठाऊक नव्हतं.

अहलकार खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, "सुनो! इस साल हर गाडी की एकही दौड होगी. एक दफा जाना, चबुतऱ्याला चक्कर मारना, वापस आना. बस. खतम."

बंकटच्या डोक्यात शब्द हळूहळू उतरला. दौड. म्हणजे पळणं. म्हणजे धाव. म्हणजे एकच फेरी! चाकाची धाव नव्हेच ती!

दुसऱ्या क्षणी म्हाळूचा गळा बंकटच्या मुठीत होता आणि पाय जमिनीवर नव्हते.

"का बे! काय सांगितलंस गावाला?"

"द-दौड म्हंजी धावच की!" म्हाळू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तूच सांग, दुसरं काय म्हनू?"

बंकटनं विचार केला. खरंच, दुसरं काय म्हणणार? त्यानं म्हाळूला खाली ठेवला. पण बाकीच्या सहा लोहारांना एवढा विचार करायची सवय नव्हती. त्यांनी म्हाळूला सोडलं आणि 'यांना आधीच खबर होती' म्हणत सुंदररावांच्या माणसांना धरलं. मग जे सुरू झालं! उभाऱ्या निघाल्या, जू निघाली, एकानं तर मिठाईवाल्याची कढई उचलून घातली. कुणाचं कपाळ फुटलं, कुणाचा कान अर्धा लोंबला. पोलिसांच्या अमीनसाहेबाचे जवान लाठ्या घेऊन घुसले आणि समोर येईल त्याला बडवू लागले, त्यात त्यांचा एक जवानही बडवला गेला. बंकटनं दोघांना लोळवलं. तिसऱ्याकडं वळला तेव्हा समोर भगवानराव. एकटा, शांत.

"मालक, सगळ्यांचीच चूक झाली. शबुद तसा होता."

"मला सबब नको," पाटील म्हणाला. "गाडी मागं ऱ्हायली की हात."

अहलकारानं रक्त वाळायलाही वेळ दिला नाही. निशाण पडलं.

सुंदररावांची गाडी सुटली ती बाणासारखी. बाकीच्या सात गाड्या दगड वाहिल्यासारख्या घरंगळल्या. आसाराम बैलांवर ओणवा झाला, काय काय कुजबुजला, मग कुजबुजणं सोडून शिव्या दिल्या. बैल फेसाळले. जड चाकं दगड फोडत, ठिणग्या उडवत निघाली. वाटेत दोन गाड्या एकमेकींत अडकून उलटल्या; एक बैल शिंग मोडून ओरडत होता, त्याचा मालक त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता. आसारामनं गाडी त्यांच्या मधून काढली.

माळाच्या टोकाच्या चबुतऱ्याच्या वळणावर मात्र जडपणाचा फायदा झाला. हलकी गाडी वळताना फरपटत बाहेर गेली; पाटलाची गाडी जमिनीला चिकटून आतून वळली. आता दोन्ही गाड्या चाकाला चाक लावून परत निघाल्या. रामकिसननं बाजूला पाहिलं आणि चाबूक फिरवला. हुकूम गेला खड्ड्यात. पहिला फटका आसारामच्या गालावर, दुसरा डोळ्याच्या वर. रक्त डोळ्यात उतरलं.

"बंकट! मला दिसंना!"

"सरळ हाक! म्या सांगतो!"

तिसरा फटका बंकटनं हातावर घेतला, चाबूक गुंडाळून धरला आणि ओढला. रामकिसन गाडीतून अर्धा बाहेर आला, पण चाबूक सोडून सावरला. आता निशाणाचा बांबू दिसू लागला होता, आणि रामकिसन हातभर पुढं.

बंकटला आपला उजवा हात दिसला. त्यात हातोडा होता. समोर, दोन हातांवर, पातळ धाव गरगरत होती. पिढ्यान् पिढ्या धाव चढवणाऱ्या घरातला माणूस तो, धाव फोडणं त्याच्या जिवावर आलं. पण क्षणभरच. तो ओणवा झाला आणि सगळ्या ताकदीनं घाव घातला.

धाव तुटली. सापासारखी उसळली, सुंईऽऽ करत हवेतून गेली आणि एका जवानाच्या पोटऱ्या फाडून थांबली. बंकट आनंदानं ओरडला. पण ती ओरड अर्धीच राहिली. कारण धाव गेली तशी रामकिसनची गाडी आणखी हलकी झाली! उघड्या लाकडावर, ढलप्या उडवत, ती आणखी पुढं सटकली. निशाणापाशी तिचं चाक मोडलं, गाडी कोलमडली, रामकिसन तोंडावर आपटला, पण बैलांची तोंडं बांबूच्या पार गेलेली होती. बंकटची गाडी मागं राहिली ती एका बैलाच्या मानेइतकी.

भगवानराव उपरणं झटकून उठला. घोड्यावर बसला आणि वाडीच्या वाटेला लागला. बंकटही पळाला नाही. पळून लोहार जाणार कुठं, ऐरण काखेत मारून?

दिवस कलायच्या आत पाटील दोन गड्यांसह भट्टीपाशी आला. गडी तेच, आदल्या सालचे, एकाचा खांदा अजून दुखत होता. दोघांनी बंकटचं मनगट धरून हात ऐरणीवर दाबला. आसाराम डोळ्याला फडकं बांधून दारात उभा.

"छबु, घन उचल," पाटील म्हणाला. लोहाराच्या घरात घण बायकोच मारते हे त्याला ठाऊक होतं. "मार."

छबुबाई घण घेऊन आली. तिनं तो पाटलाच्या पायाशी ठेवला.

"सबूद तुमी दिला, मालक. तुमीच मारा. म्या घाव चुकवत न्हाई, आन् ह्यो मला चुकवायचा हाय."

पाटलानं उपरणं बाजूला ठेवलं आणि घण उचलला. त्याच्या हयातीत त्यानं गाडीच्या उभारीहून जड काही उचललं नव्हतं. घण वर गेला खरा, पण वर जाऊन इकडं झुकला, तिकडं झुकला. खाली बंकटचं मनगट. त्याच्या एका अंगाला एका गड्याची बोटं, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची.

"मालक," खांदेवाला म्हणाला, "सरळ धरा की."

"गप बे!"

"मालक, म्या हाय खाली!"

घण सुटला. आणि त्याच वेळी दोन्ही गड्यांनी आपापली बोटं वाचवली. बंकटनं आपला हात ओढून घेतला. घण पडला मोकळ्या ऐरणीवर, ठणकन्.

मोकळ्या ऐरणीवर घण मारू नये, हे लोहाराचं रांगतं पोरही जाणतं. लोखंड घाव गिळत नाही, परत देतं. घण आला तसा उसळला आणि भगवानरावाच्या जबड्यावर बसला. कडाक् आवाज झाला. पाटील पाय पसरून राखेत बसला. तोंडातून रक्ताची धार, दात किती हे राखेत मोजता येईना, आणि खालचा जबडा डाव्या कानाकडं गेलेला.

बंकटनं सांडशी उचलली. बादलीत हात बुडवून स्वच्छ धुतला. ते पाहून दोन्ही गडी भिंतीला चिकटले. हात धुतला म्हणजे पुढं काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

पाटलानं बोट वर केलं. बंकटकडं, मग गड्यांकडं. आणि हुकूम दिला. "ऑवॉ... आँ... हॉ!"

गडी एकमेकांकडं बघू लागले.

"काय म्हनत्यात?" एकानं विचारलं.

"ऑवॉ! हॉ!" पाटील डोळे लाल करून ओरडला.

"अवं, कळंना का तुमास्नी?" छबुबाई पुढं झाली. तिनं बंकटच्या हातातली सांडशी काढून घेतली, पदर सावरला आणि पाटलाकडं अदबीनं कान केला. "मालक म्हन्त्यात, सबूद फिटला. घन पडला, हिसाब मिटला. आता मला घरी न्या."

पाटील जोरजोरानं मान हलवू लागला, तसं रक्त दोन्हीकडं उडालं.

"बगा, मान हालवून सांगत्यात," छबुबाई म्हणाली. "उचला लवकर. आन् जबडा खालून धरा, पडंल."

गड्यांनी पाटलाला उचललं आणि घरी नेलं.