फोटोसाठी बंद केलेला दिवा

मी दातांचा डॉक्टर. शेवगावात माझा दवाखाना आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड पाडून झाला की रात्री मला अंधार हवासा वाटतो, असं मी गमतीने सांगतो. खरी गोष्ट एवढीच की मला आकाशाचे फोटो काढायचं वेड आहे आणि ते कुणाला समजावत बसायचा मला कंटाळा आहे. भूल चढायची वाट बघत बसलेला एक पेशंट एकदा म्हणाला, "डॉक्टर, असले फोटो मोबाईलवर पायलीचे पन्नास मिळतात की." त्याची दाढ मी जरा जोरातच काढली.

गावात दिव्यांचा इतका झगमगाट की आकाश धुरकट दिसतं. म्हणून मी दादाच्या वस्तीवर जायचो. दादा माझा थोरला भाऊ. जायकवाडीच्या पाण्याच्या बाजूला आमची शेती आहे, ती तोच करतो. ऊस, गहू, चार गाई. घराच्या मागे मी दुर्बिणीसाठी सिमेंटचा एक खांब ओतून घेतला होता. शेजारी पंपाची खोली, तिच्यात माझा लॅपटॉप. खोलीत बसून दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही चालवता येत.

वहिनी घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि आई नुकतीच गेली होती. माझे डबे, माझे कपडे, माझी आजारपणं सगळं त्यांनी काढलं, पण मला कधी अरेतुरे केलं नाही. मी त्यांच्यासाठी कायम भावजी. मी अमावास्येच्या आसपास वस्तीवर जायला लागलो, तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडून घेतली होती. जेवणं झाली की घरातले, दारातले, गोठ्यातले सगळे दिवे त्या स्वतः फिरून घालवायच्या. शेजारच्या वस्तीवरही निरोप जायचा, "आमच्या भावजींचं काम चाललंय, तेवढा दारातला बल्ब घालवा." मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी माझं काम बघितलं आणि त्यात आपला वाटा कोणता ते ठरवून टाकलं.

पण महिन्यातून दोन-चार काळोख्या रात्री, त्यातही ढग आले की संपलं. शेवटी मी नॅरोबँड फिल्टर घेतले. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायूचे ढग. त्यातला हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगातच प्रकाशतो. हा फिल्टर त्या लाल रंगाची केसाएवढी पट्टी आत सोडतो आणि बाकी सगळं बाहेर अडवतो. चंद्राच्या उजेडात सगळे रंग असतात, त्यामुळे तो बहुतेक बाहेरच राहतो. ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या रंगाला चंद्र बाधतो, तो अंधाऱ्या रात्रीसाठी ठेवायचा. हायड्रोजन मात्र भर चांदण्यात टिपता येतो. पहिल्यांदा टिपूर चांदण्यात फ्रेम उघडली आणि पडद्यावर काळं आकाश आणि त्यात फिकट धागे दिसले, तेव्हा मी पंपाच्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्याच हिवाळ्यात आमच्या बाजूला बिबट्या आला. येतो दरवर्षी, उसात राहतो, कुत्री नेतो. त्या वर्षी शेजारचा ऊस तोडून गेला आणि त्याची लपायची जागा गेली. तो वस्त्यांच्या आसपास फिरायला लागला. एका वस्तीवरची कालवड त्याने दावणीलाच मारली. दादाने गोठ्यासमोरच्या खांबावर मोठा एलईडी बसवला आणि रात्रभर चालू ठेवायला लागला. उजेडात तो यायला बिचकतो, असं सगळेच म्हणत होते.

माघातली पौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी संध्याकाळी वस्तीवर गेलो आणि जेवताना दोघांनाही सांगितलं, की दिवा खुशाल चालू राहू द्या. आता माझ्याकडे जे फिल्टर आहेत त्यांना चंद्र अडत नाही, तर तुमचा दिवा काय अडणार.

"आसं कसं?" वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्सं अडत हुता ना?"

मी पुन्हा समजावलं. लाल रंग, पट्टी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "चंद्र देवाचा हाय. त्याला कोन बोलनार? पर आपला लाईट आपल्या हातात हाय न्हवं?"

मला हसू आलं. दादा मात्र तडकला. "लाईट बंद व्हनार न्हाई. ह्यो एवढा शिकलेला मानूस सांगतोय ना, चालू ठेवा म्हनून. मंग तुजं मधीच काय?"

वहिनींनी भाकरीची टोपली उचलली आणि आत गेल्या. विषय संपला असं आम्हा दोघांनाही वाटलं.

त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. दादाला गव्हाला पाणी द्यायचं होतं. तो शेजाऱ्याला सोबत घेऊन, बॅटरी आणि काठी घेऊन निघाला. जाताना मला म्हणाला, "दार लावून बस. काय बी आवाज झाला तरी भाईर यिऊ नगंस." वहिनींनी त्याला दहादा बजावलं, की बोलत राहा, बॅटरी खाली ठेवू नका. आमची सगळ्यांची काळजी दादाच्या वाटेला लागली होती. घरात असलेल्या माणसाची काळजी कुणी केली नाही.

मी पंपाच्या खोलीत कडी लावून बसलो. त्या रात्री मी एका फुटून गेलेल्या ताऱ्याचे अवशेष टिपत होतो. वृषभ आणि सारथी या तारकासमूहांच्या मध्ये ते पसरलेत, फार अंधुक. फ्रेममागून फ्रेम येत होती, प्रत्येकीत तोच काळा चौकोन आणि तेच पुसट धागे. खोलीची खिडकी घराच्या मागच्या अंगाला. गोठ्यासमोरचा दिवा चालू आहे की नाही हे मला तिथून दिसत नव्हतं आणि फोटोत तर दिसणारच नव्हतं. फिल्टरचं कामच ते.

आधी गाय हंबरली. मग वहिनींचा आवाज आला, हुसकावल्यासारखा, आणि मग तो आवाज मध्येच थांबला.

मी बाहेर पळालो. चांदणं एवढं होतं की अंगणातला खडा न् खडा दिसत होता, पण गोठ्याच्या पत्र्याखाली काळंकुट्ट. खांबावरचा दिवा बंद होता. वहिनी गोठ्याच्या तोंडाशी पडल्या होत्या. वासरू दावणीला थरथरत उभं होतं. बिबट्या गेला होता. मी त्याला पाहिलंही नाही.

त्याने त्यांचा डावा गाल आणि जबडा धरला होता. मी आयुष्यभर जबडेच बघत आलो आहे. त्या क्षणी मला कळत होतं की हाड कुठे मोडलंय, कोणते दात गेलेत, पुढे काय काय करावं लागेल, आणि या कळण्याचा मला तिटकारा आला. मी माझी शाल त्यांच्या गालावर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने दादाला फोन लावला. त्या शुद्धीत होत्या. माझ्याकडे बघत होत्या. काही बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि मी त्यांना "बोलू नका, वहिनी, बोलू नका" एवढंच सांगत राहिलो.

दादा धावत आला. त्याने पहिल्यांदा भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला. बटण चालतंय हे बघून तो ओरडला, "लाईट कुनी घालवला?"

आम्ही त्यांना गाडीत घातलं आणि नगरला नेलं.

नगरच्या दवाखान्यात जबड्याला पट्ट्या बसवल्या, टाके घातले, इंजेक्शनं सुरू झाली. डावा हातही खांद्यापासून उचलेना. शुद्धीवर येऊन जरा स्थिर झाल्यावर वहिनींनी उजव्या हाताने खूण केली. अंगठ्याने बटण दाबल्यासारखं केलं, मग स्वतःकडे बोट, मग माझ्याकडे, मग वर छताकडे. मला लगेच समजलं. दादालाही समजलं.

"तुला कुनी सांगितलं हुतं?" तो तिथेच बोलायला लागला. "ह्यो म्हनला हुता ना, चालू राहू दे? आं? तुजी अक्कल कुठं गेल्ती?" नर्सने त्याला बाहेर काढलं. बाहेरही तो तेच म्हणत होता. तो वाईट माणूस नाही. त्याला रडता येत नाही, म्हणून तो भांडतो. पण ज्या बाईला तोंड उघडता येत नव्हतं तिच्याशी तो रोज तेच भांडण काढत होता. नातेवाईक भेटायला आले की त्यांच्यासमोरही. "बिनकामाचा लाईट घालवला आन् जीव देत हुती." वहिनी डोळे मिटून घ्यायच्या.

मध्ये एकदा वस्तीवर जाऊन मी लॅपटॉप उघडला. त्या रात्री आम्ही निघून गेलो तरी दुर्बीण पहाटेपर्यंत एकटीच फोटो काढत राहिली होती. मी सगळ्या फ्रेम एकापुढे एक ठेवून बघितल्या. दिवा चालू असतानाच्या, बंद असतानाच्या, दादाने पुन्हा लावल्यानंतरच्या. मला कुठे तरी फरक हवा होता. थोडासा तरी. आकडे काढून पाहिले, उजेड वाढवून पाहिला. कोणती फ्रेम अंधारातली आणि कोणती उजेडातली हे मला सांगता येईना. वहिनी पडल्या त्या वेळच्या फ्रेमवरही तेच धागे होते, जराही न हललेले. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ रडलो.

महिनाभराने वहिनी वस्तीवर परतल्या. मी त्यांच्या दातांचं बघायला गेलो. दादा बाहेर गोठ्यात होता. वहिनींना आता थोडं बोलता येत होतं, शब्द तुटक आणि ओले यायचे. मी बॅटरी खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं,

"फोटू आला का?"

"आला," मी म्हणालो.

"चांगला?"

"चांगला."

"म्या लाईट घालवला हुता," त्या म्हणाल्या. "उपेग झाला ना, भावजी?"

त्या माझ्याकडे अगदी सरळ बघत होत्या. गालाची एक बाजू ओढली गेली होती, त्यातून त्या हसत होत्या की काय ते कळत नव्हतं. मी डॉक्टर आहे, रोज पेशंटला तोंडावर खरं सांगतो, हा दात वाचणार नाही म्हणून. मी म्हणालो, "त्यामुळंच आला, वहिनी. दिवा चालू असता तर काहीच आलं नसतं."

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. मी वळलो तर दारात दादा उभा होता.

तो मला अंगणात घेऊन गेला. "आता काय म्हनलास तिला?"

दिव्याने काहीच फरक पडला नव्हता, हे खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दादाच्या पोटात काही राहत नाही. आज नाहीतर उद्या, रागाच्या भरात तो तिच्या तोंडावर बोलला असता, की तुझा जबडा फुकट गेला. आणि मग ती बाई आयुष्यभर काय घेऊन बसली असती?

"फरक पडतो," मी म्हणालो.

"मंग त्या दिशी जेवताना चालू ठेवा म्हनलास ते?"

"तू बंद करू दिला नसतास म्हणून. नंतर मीच वहिनींना सांगितलं, गुपचूप घालवा म्हणून."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, जसा काही मी ओळखीचा वाटतोय पण नाव आठवत नाहीये. मग म्हणाला, "दुर्बीन काढून ने. पुन्हा हिकडं यायचं न्हाई."

मी सामान काढेपर्यंत अंधार पडला. गाडीत शेवटची पेटी ठेवून मी घराकडे बघितलं. दादा वहिनींच्या खाटेवर बसला होता आणि चमच्याने त्यांना पेज भरवत होता. एकेका घोटाला थांबत होता. "सावकाश," तो म्हणत होता, "घाई न्हाई. तुजी काय बी चूक न्हवती." इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.