उजवीकडचा लाइट

२०१९ साल, मी सदुसष्ट वर्षांचा. शिवाजीनगरच्या माझ्या स्टुडिओत एक मुलगी स्थळांना पाठवायचा फोटो काढायला आली. डाव्या गालावर भाजल्याचा डाग. म्हणाली, "अण्णा, डाग दिसू दे हं." मी म्हटलं, "चाळीस वर्षं लाइट लावतोय, तू मला शिकवतीस?" लाइट तिच्या उजवीकडनंच मारला, डाग सावलीत बुडाला. तिच्या अप्पांनी खूश होऊन तोच फोटो पाठवला. महिन्यानं ती एकटी आली. "बघायला आलेले फसवलंत म्हणाले, चहा न घेता गेले. अप्पा हात जोडत होते, अण्णा." तेव्हा चुकलो म्हणायला माझी जीभ रेटली नाही, ते अजून सलतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा आणि लाइट ऑटोत घालून तिच्या दारात गेलो आणि तिला म्हटलं, "अक्का, कुठं लावू, तू सांग."