सावंत आणि कांबळे यांच्या मधे बसताना

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. भांडणाऱ्या दोन मित्रांच्या मधे बसावं, ते आपोआप अंगावर पडतात! काळाचौकीतली आमची चाळ पाडून टॉवर झाला. त्याखालच्या बाकावर एका टोकाला सावंत, दुसऱ्या टोकाला कांबळे. चाळीस वर्षांचे शेजारी, पण पक्ष समोरासमोरचे. मधे मी, निवृत्त कारकून. आयुष्यभर दोन्ही बाजू वाचून फायली पुढे सरकवल्या, पण या दोघांत बरोबर कोण, ते अजून कळलेलं नाही.

*

प्रचाराचा गोंगाट दुसऱ्या पक्षाचा असला की 'ध्वनिप्रदूषण', आपल्या पक्षाचा असला की 'उत्साह'. एकदा नाक्यापलीकडून ढोल ऐकू आले. दोघांनी हात कानांपर्यंत नेले आणि झेंडा दिसेपर्यंत तिथेच धरून ठेवले!

*

एकदा मी नाव झाकून मजकूर वाचला : 'सर्वांना सोबत घेऊन, कोणावरही अन्याय न करता...'

"वा! आमचे साहेब!" सावंत म्हणाला.

"हट्! असं फक्त आमच्या ताई बोलतात," कांबळे म्हणाला.

मजकूर सोसायटीच्या सेक्रेटरीचा होता, लिफ्ट बंद ठेवण्याच्या नोटिशीतला. त्या सेक्रेटरीवर दोघांचाही राग.

"तरीच!" दोघं एकदम म्हणाले. "पोकळ वाटत होतं!"

*

मग एका सकाळी सावंत बोलून गेला, "तुमच्या पक्षाला मत देणारा माणूस सज्जन असूच शकत नाही."

कांबळे उठला. "बरं, सावंतसाहेब."

चाळीस वर्षं 'सावंत्या' म्हणणारा माणूस! बाकावर मी एकटा उरलो. सावंत मला लिफ्टमध्ये गाठून विचारायचा, "तो माझ्याबद्दल काही बोलला का रे?" कांबळे जिन्यात गाठून तेच विचारायचा. पण आधी बोलायला कोणी तयार नाही. चूक दुसऱ्याची ना! मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत.

*

मतदानाच्या दिवशी कांबळेचा गुडघा सुजलेला. सावंत टॅक्सी घेऊन हजर! मी म्हटलं, "अरे, तो तुझ्याविरुद्धच मत देणार. दोघंही घरी बसा, निकाल तोच!"

"हक्क आहे त्याचा!" सावंत माझ्यावरच खेकसला. "चल रे कांबळ्या!"

टॅक्सीतही मधे मीच. सावंतच्या खांद्याचा आधार घेत कांबळे केंद्रात गेला. बाहेर आला तेव्हा बोटाला शाई आणि डोळ्यांत पाणी.

"सावंत्या, आज तुझ्या पक्षाला दिलं. तुझ्यासाठी."

मला वाटलं, आता मिठी मारणार.

सावंतचा चेहरा लालबुंद झाला. "लाज नाही वाटत? अरे, तत्त्वाचा माणूस म्हणून चाळीस वर्षं मानत आलो रे तुला!"