बाइंडरकाकांची दुहेरी गाठ

बाइंडरकाकांनी बांधलेलं पुस्तक भिंतीवर आपटा, पुठ्ठा फाटेल पण पान सुटायचं नाही. हे काकांनीच इतक्यांदा सांगितलं होतं, की अर्धं वाक्य बायकोच पुरं करायची. पुढे छापखान्यात शिलाईचं यंत्र आलं, हातशिलाईची मजुरी निम्म्यावर आली आणि काका घरी बसले. यंत्र आलं की हाताचं मोल का उतरतं, एवढं मात्र त्यांना डोळे मिटायच्या आत समजून घ्यायचं होतं.

नातीने टॅबवर अर्थशास्त्राची जुनी नावाजलेली पुस्तकं उतरवून दिली. "सगळी फुकट आहेत, आजोबा. वाचा पोटभर."

एक जाडजूड पुस्तक काकांनी महिनाभर चावून चावून वाचलं. यंत्राचं प्रकरण आलं आणि एकेक ओळ आतल्या कडेला जाऊन गडप व्हायला लागली. 'मजुरी उतरते, कारण' आणि पुढे काळी सावली.

"फुकटचं ते असंच," बायको म्हणाली.

"कुठल्या गाढवाने स्कॅन केलंय कोण जाणे," काका दिवसभर धुसफुसत होते.

नातीने पहिलं पान मोठं करून दाखवलं. शिक्का गावातल्याच वाचनालयाचा होता.

काका तरातरा तिकडे गेले. ग्रंथपालबाईंनी पुस्तक पुढ्यात आदळलं.

"आम्ही तरी काय करणार? हे उघडतच नाही. बांधणाऱ्याने असं आवळलंय, की निम्मे शब्द शिवणीत गेलेत. कोण कसाई होता देव जाणे."

काकांनी पानं ताणून आतली शिवण पाहिली. तिरका टाका, शेवटी दुहेरी गाठ.

"कसाई समोरच उभा आहे," ते म्हणाले. "चाकू द्या."

"वाचनालयाचं पुस्तक कापू देता येत नाही, काका."

"परत शिवून देतो की."

"सैल शिवाल?"

उभ्या जन्मात हा शब्द त्यांना कोणी ऐकवला नव्हता. "सैल," ते कडू काढा गिळावा तसं म्हणाले.

तासभर दोरा त्यांनाच दाद देईना. बोट कापलं, चष्मा दोनदा घसरून पडला. शेवटी पान सपाट झालं. 'मजुरी उतरते, कारण' याच्यापुढे लिहिलं होतं, 'एक नाही, अनेक आहेत; त्यांचा विचार दुसऱ्या खंडात करू.'

बाईंनी आतून दुसरा खंड आणला. काकांनी तो मधोमध उघडायला पाहिलं. उघडला नाही.

"चाकूला धार लावून आणतो," ते म्हणाले.